टिंबकाकांनी कोणालाच माफ केलं नाही

काल टिंबकाका निवृत्त झाले. समारंभात आमच्या संचालकांनी माइक हातात धरून सांगितलं की काकांचं मन फार मोठं, हाताखालच्या माणसांच्या चुका त्यांनी कायम पोटात घातल्या, सगळ्यांना माफ केलं. टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत दातओठ खात बसले होते.

माफ? अहो, त्या माणसाने सव्वीस वर्षांत एकालाही माफ केलेलं नाही. मला तर नाहीच नाही. आणि हे ज्यांना सगळ्यात चांगलं माहीत आहे तेच साहेब माइकवरून साखर पेरत होते. माझ्या अशी तिडीक गेली डोक्यात की उठून माइक हिसकावून घ्यावा. घेतला नाही. पण आता सांगते. कोणाला आवडो न आवडो.

आमचा छापखाना अंध माणसांसाठी ब्रेलची पुस्तकं काढतो. पत्र्यावर ठिपके उठतात, पत्र्यावरून ते जाड कागदावर उतरतात. पहिली कच्ची प्रत निघाली की ती आमच्या तपासणीच्या खोलीत येते. खोलीत चार टेबलं, प्रत्येक टेबलाला समोरासमोर दोन माणसं. एक अंध, एक डोळस. अंध माणूस ठिपक्यांवरून बोटं फिरवत मोठ्याने वाचतो. डोळस माणूस शाईत छापलेली मूळ प्रत पुढ्यात घेऊन ऐकतो आणि ओळ जुळली की त्या ओळीपुढे लाल पेन्सिलीने टिक करतो. जुळली नाही तर ‘थांब’ म्हणायचं. बस, एवढंच काम. मी त्यातली डोळस. वेळेवर ‘थांब’ म्हणायचा मला पगार मिळतो.

टिंबकाका या खोलीचे प्रमुख. स्वतः अंध. नऊ वर्षांचे असताना एका आजारात डोळे गेले. लाल रंग तेवढा आठवतो म्हणायचे, पण तो खरंच लाल होता का याची आता खात्री नाही, हेही लगेच जोडायचे. अंगाने काटकुळे, आवाज मात्र घरातल्या थोरल्या भावासारखा. बोटांना असे जपायचे की काही विचारू नका. चहाचा पेला रुमालात धरायचे, थंडीत हातमोजे, भाजी चिरायला तर हातच लावायचे नाहीत. काकू एकदा आल्या होत्या, त्या म्हणाल्या, “नव्या नवरीने हात जपले नसतील इतके हे जपतात. घरात साधा खिळा ठोकायचा तरी मलाच!” काका म्हणाले, “तू ठोकतेस तेच बरं. मी ठोकला तर तो भिंतीत जाईलच असं नाही.”

वीज गेली की आम्ही चौघे डोळस हातावर हात घेऊन बसायचो आणि समोरचे चौघे मजेत पुढे वाचत राहायचे. काका ओरडून विचारायचे, “काय रे, जमतंय ना अपंगांना?” सगळे खो खो हसायचे. मला ते ‘मिरची’ म्हणायचे. का ते तुम्हाला एव्हाना कळलं असेल.

आता चुकांचं. छापखाना म्हटला की चूक होणारच. दुसरीकडे चूक निघाली की पहिला प्रश्न असतो, कोणी केली? काका म्हणायचे, “चूक आली आहे. तिला खुर्ची द्या.” म्हणजे खरोखर एक रिकामी खुर्ची मधोमध ठेवायची, तिच्यावर ती चुकलेली प्रत ठेवायची आणि आठही जणांनी भोवती बसायचं. मग ज्या जोडीने ते पान तपासलं त्यांनी ते पुन्हा तसंच वाचायचं, त्या दिवशी वाचलं होतं तसं. आणि प्रत्येकाने सांगायचं की त्या दिवशी मी काय केलं. सुरुवात काकांपासून. त्या दिवशी मी या जोडीला काय सांगितलं होतं, किती काम दिलं होतं, कुठे बसवलं होतं. स्वतःचं सांगून झाल्याशिवाय दुसऱ्याला तोंड उघडायला लावत नसत.

एकदा वाचनालयांसाठी काढलेल्या एका पुस्तकात दोन पानांची अदलाबदल झाली. आमच्यातले सगळ्यात म्हातारे तपासनीस, त्यांना आम्ही आजोबा म्हणायचो, ते जेवणानंतर डुलकी काढत होते. खुर्ची मांडली तेव्हा काकांनी आधी स्वतःचं काढलं. मी यांना दुपारची पाळी दिली, ती पण खिडकीतल्या उन्हात. लगेच पाळी बदलली. आजोबांना वाटलं, सुटलो! कसलं सुटतात? काकांनी त्यांच्या हातात वाचनालयांची यादी ठेवली. एकोणीस वाचनालयं. प्रत्येकाला स्वतः फोन करून सांगायचं, पानं उलटी लागली, डोळा मला लागला होता, नवीन पुस्तक पाठवतो. आजोबांचा आवाज सातव्या फोनला रडवेला झाला. मी म्हटलं, “काका, म्हातारा माणूस आहे, द्या सोडून.” काका म्हणाले, “पगार कापला का मी त्यांचा? नाही ना? नोकरीला हात लावला? नाही. मग निरोप तरी त्यांनीच द्यायला नको?”

याला कोणी माफी म्हणत असेल तर धन्य आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. शालान्त परीक्षेच्या प्रश्नपत्रिका आमच्याकडे आल्या होत्या. आमचे संचालक, त्यांना आम्ही मागे ‘इस्त्रीसाहेब’ म्हणतो, कारण त्यांच्या शर्टाला आजवर एकही सुरकुती कोणी पाहिलेली नाही, त्यांनी खोलीत येऊन जाहीर केलं की या महिन्यात प्रत्येक जोडीने दिवसाला चाळीसऐवजी पासष्ट पानं तपासायची. चाळिसाचा आकडा काकांनी ठरवलेला होता. चाळीस पानांनंतर बोटं बोथट होतात, ठिपके आहेत की नाहीत तेच नीट कळत नाही. काका म्हणाले, “साहेब, पासष्ट होणार नाहीत.” साहेब म्हणाले, “मग काम दुसरीकडे जाईल.” काका ‘बरं’ म्हणाले. तो ‘बरं’ मी माझ्या कानांनी ऐकला. मला तेव्हाही राग आला होता.

माझ्यासमोर बसायची ती रेडिओ. बत्तीस वर्षांची, जन्मापासून अंध, आवाज असा स्वच्छ की बातम्या द्याव्यात. म्हणून रेडिओ. दोन वर्षं कंत्राटावर होती आणि पुढच्या महिन्यात कायम होणार होती. घरी आई आणि ती, दोघीच. कायम झाली की आईचं दुसऱ्यांच्या घरी जाणं बंद करणार, हे ती आठवड्यातून तीनदा सांगायची. मी म्हणायचे, “कळलं गं बाई, पाठ झालं.”

त्या दिवशी गणिताची प्रश्नपत्रिका होती. दुपारचे चार वाजले होते आणि आमचं बावन्नावं पान चालू होतं. आता मी जर सांगितलं की घरी लेक तापाने फणफणली होती, तर तुम्ही लगेच म्हणाल, बिचारी! नव्हती फणफणली. ठणठणीत होती. मला नवे पडदे लावायचे होते. दुसऱ्या दिवशी नणंद येणार होती आणि गेल्या वेळी तिने माझ्या पडद्यांकडे बघून नाक मुरडलं होतं. डोक्यात तेच चाललेलं. मग मी काय केलं, तर रेडिओ वाचत असताना पानावरच्या सगळ्या ओळींपुढे आधीच टिका करून ठेवायला लागले. वरपासून खालपर्यंत, सटासट. ती वाचेपर्यंत माझं पान संपलेलं. मग मी खुशाल विचार करत बसायचे, निळे लावावेत की करडे.

सातवा प्रश्न हौदाचा होता. लांबी तीन मीटर, रुंदी दोन मीटर, आणि तिसऱ्या ओळीत उंची. ती ओळ नेमकी पानाच्या तळाशी आलेली आणि पत्र्यावर उठलीच नव्हती. रेडिओने लांबी वाचली, रुंदी वाचली, पान उलटलं आणि वाचलं, ‘तर त्यात किती लिटर पाणी मावेल?’ मग ती थांबली. “बरोबर आहे?” तिने विचारलं. मी म्हटलं, “हं, चल पुढे.”

प्रश्नपत्रिका छापून गेली. चौतीस मुलांनी ती सोडवली.

परीक्षेनंतर चौथ्या दिवशी एका अंधशाळेतल्या बाईंचा फोन आला. हौदाला उंचीच नाही म्हणाल्या. आणि म्हणाल्या, त्यांच्या एका मुलीने त्या एका प्रश्नावर चाळीस मिनिटं घालवली. पानावरून बोट फिरवत राहिली, पुन्हा पुन्हा, कोपऱ्यांवरून, पाठीमागून. तिला वाटलं, ओळ आहेच, आपलंच बोट बधिर झालंय. बाहेर येऊन रडत तेच म्हणाली. पुढचे दोन प्रश्न तिचे राहिले.

फोन मीच घेतला होता. मी कपाटातून माझी टिका केलेली प्रत काढली. सातवा प्रश्न, तिसरी ओळ, उंची दीड मीटर. त्यापुढे लाल टिक. छान, ठसठशीत. ठिपक्यांत जी ओळ नव्हतीच ती मी ऐकली, असं माझी टिक सांगत होती. मी इकडे तिकडे पाहिलं. इकडे तिकडे कशाला पाहिलं देव जाणे. खोलीत होते ते सगळे अंध होते, डोळस तिघे जेवायला गेले होते. मी ती प्रत घडी करून माझ्या पिशवीत घातली.

दुपारी इस्त्रीसाहेबांनी मला, रेडिओला आणि काकांना बोलावलं. परीक्षा मंडळाचं खरमरीत पत्र आलं होतं. साहेब चिडलेले होते, पण त्यांना कोडं असं काही पडलंच नव्हतं. म्हणाले, “शेवटी तपासणारीला दिसत नाही, तिथे असं होणारच. मी मंडळाला तसं कळवतो. नाव द्यावं लागेल.” त्यांनी एक टाईप केलेला कागद माझ्याकडे सरकवला. “हिला वाचून दाखव आणि सही घे.”

बघा, या कामाची ज्याला बाराखडी माहीत आहे त्याला कळेल की ओळच नसेल तर अंध माणूस ती वाचणार कुठून? ती पकडायला तर समोर डोळस बसवलेला असतो! अकरा वर्षं हा माणूस या छापखान्याचा संचालक आणि एकदाही आमच्या टेबलाशी पाच मिनिटं बसलेला नाही. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. आणि त्या आगीसकट मी काय केलं? कागद उचलला आणि वाचला. ‘माझ्या वाचनातील निष्काळजीपणामुळे सदर चूक घडली असून मी ती मान्य करते.’ माझ्याच आवाजात.

रेडिओ माझ्या बाजूला मान वळवून म्हणाली, “ताई, मी चुकवली का गं ओळ? मी विचारलं होतं ना तुला?”

मी म्हटलं, “मला काय आठवतंय आता?”

काकांनी हात पुढे केला. कागद घेतला, चार घड्या केल्या आणि खिशात टाकला. “सही होणार नाही साहेब. उद्या अकराला खुर्ची मांडतो. तुम्ही या. मग ज्याने त्याने काय लिहायचं ते लिहू.” मग मला म्हणाले, “मिरची, तुझी टिकांची प्रत काढून ठेव.”

“सापडत नाहीये काका. मघाशी शोधली.”

असं म्हणाले मी. पिशवी माझ्या खांद्यालाच होती.

संध्याकाळी काकांना बसथांब्यापर्यंत सोडायचं काम माझं होतं, चौदा वर्षांपासून. ते माझ्या कोपराला धरून चालायचे आणि पिशवी मी त्याच खांद्याला अडकवलेली. त्या दिवशी अर्ध्या रस्त्यात म्हणाले, “प्रत उद्या अकराला लागेल.”

“नाही सापडली तर?”

“तर मी सांगेन की सापडली नाही. त्यापुढे मला काही सांगता येणार नाही. टिक आहे की नाही, कुठे आहे, हे मला दुसऱ्याने सांगावं लागतं. साहेब म्हणतील, बघा, यांच्याकडे पुरावाच नाही. रेडिओ जाईल. सही मी होऊ देणार नाही, पण कंत्राट संपवायला सही लागत नाही.”

मी भडकलेच. भर रस्त्यात. “तुम्हाला जे विचारायचंय ते सरळ विचारा ना! आडून आडून कशाला बोलता?”

“विचारलं की तू उत्तर देशील,” काका म्हणाले. “मला उत्तर नकोय. प्रत हवी आहे.” बस आली. ते चढले आणि मी तिथेच उभी राहून त्यांच्या नावाने बोटं मोडली. स्वतःला कोण समजतो हा माणूस? ‘मी सांभाळून घेतो’ म्हणाला असता तर काय बिघडलं असतं? त्याचं प्रमुखपद होतं, तेवीस वर्षं नोकरी होती, एक चूक स्वतःच्या अंगावर घेतली असती तर कोण त्याला हात लावणार होतं? घरी आले, लेकीवर खेकसले, नवऱ्यावर खेकसले. नवरा म्हणाला, “आज कोणाचा राग काढतेयस?” त्यालाही ऐकवलं. जेवणही गेलं नाही धड.

दुसऱ्या दिवशी अकराला खुर्ची मांडली. तिच्यावर गणिताची प्रश्नपत्रिका. इस्त्रीसाहेब पायावर पाय टाकून बसले, घड्याळ बघत.

काकांनी सुरुवात केली. “चाळिसाची पासष्ट पानं करायला मी हो म्हणालो. मला माहीत होतं की होणार नाहीत. काम जाईल म्हणून घाबरलो आणि हो म्हणालो. त्या दिवशी चार वाजता हे पान बावन्नावं होतं. ते त्या वेळी तपासायला मीच लावलं. हे माझं.” साहेबांची पावलं जरा हलली. इतक्या उघडपणे कोणी स्वतःचं सांगतं हे त्यांनी कधी पाहिलं नसावं.

मग रेडिओने पान वाचलं. लांबी, रुंदी, पान उलटणं, किती लिटर पाणी मावेल. तिथे थांबली आणि म्हणाली, “इथे मी विचारलं होतं, बरोबर आहे? मला हं ऐकू आलं. मी पुढे गेले. मला खटकलं होतं तर पुन्हा विचारायला हवं होतं. हे माझं.”

आता माझी पाळी. मी उठून उभी राहिले आणि साहेबांवर तुटून पडले. काय काय बोलले! पासष्ट पानांचा आकडा कुठल्या हवेतून आणला, विचारलं. तुम्हाला आमचं काम कळतं का, विचारलं. दिसत नाही म्हणून चूक झाली म्हणता, मग डोळस कशाला बसवलाय समोर, शोभेला? नसलेली ओळ ही बिचारी वाचणार कशी? हिला बळीचा बकरा करायला तुम्हाला लाज नाही वाटत? खोलीतून ‘बरोबर, बरोबर’ असे आवाज आले. आजोबांनी तर टेबलावर थाप मारली. साहेबांचा चेहरा लाल झाला. आणि मला, खरं सांगते, इतकं बरं वाटलं! वाटलं, झालं, रेडिओ वाचली, मी वाचवली. मी खाली बसले.

काका म्हणाले, “हे सगळं खरं आहे, मिरची. आता तुझं सांग.”

मला वाटलं की मी इथल्या इथे या म्हाताऱ्याचा गळा धरीन. मी एवढी भांडले, सगळ्यांच्या वतीने भांडले, माझी नोकरी पणाला लावून भांडले, आणि हा म्हणतो तुझं सांग! पण तोंडातून काही येईना, कारण जे खरं होतं ते सगळं मी बोलून टाकलं होतं, फक्त ते एक सोडून.

मी पिशवी उघडली. घडीच्या कागदाचा आवाज झाला. तो आवाज खोलीतल्या चौघा अंधांनी एकाच वेळी ऐकला, त्यांची डोकी एकदम वळली. मी उभी राहून वाचलं. “सातवा प्रश्न. ओळ तिसरी. हौदाची उंची दीड मीटर. पुढे टिक आहे. मी केलेली. ऐकण्याआधी केलेली. या पानावर सगळ्याच तशा आहेत.” मग पडद्यांचंही सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, कोणी विचारलं नव्हतं.

साहेबांना लगेच सोपं झालं. म्हणाले, “म्हणजे ही जायला हवी.” काका म्हणाले, “हिला काढलंत तर उद्यापासून इथे एकही टिकांची प्रत सापडणार नाही. ज्याला त्याला पिशवी आहे.” आणि मग मंडळाला पाठवायचं पत्र त्यांनी तिथेच सांगितलं, साहेबांच्या टंकलेखकाला. चूक काय, ती कशी निसटली, पासष्ट पानांना हो कोणी म्हटलं, तो हुकूम कोणाचा, टिका आधी कोणी केल्या. साहेब म्हणाले, “माझं नाव कशाला?” काका म्हणाले, “माझ्या खाली लिहिलंय साहेब, वर नाही.”

पत्र गेलं. मंडळाने सगळ्या मुलांना त्या प्रश्नाचे सहा गुण दिले. पानं पुन्हा चाळीस झाली. रेडिओ महिन्याने कायम झाली. आणि काकांचं प्रमुखपद साहेबांनी काढून घेतलं, ‘पर्यवेक्षणात कसूर’ म्हणून. काका त्याच खोलीत साधे तपासनीस म्हणून पुढची तीन वर्षं बसले. काल माइकवरून कौतुक करणारे साहेब हेच.

माझा पगार कोणी कापला नाही. पण काकांनी माझ्यापुढे शाळेचा पत्ता ठेवला. फोन नाही, म्हणाले, तू जाऊन ये. मी हात जोडले, “काका, मुलांसमोर नको हो.” ते म्हणाले, “त्यांना वाटतंय त्यांची बोटं बिघडली आहेत. ते तुझ्याशिवाय कोण काढणार त्यांच्या डोक्यातून?”

गेले. वर्गात उभं राहून सांगितलं. पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली, दोन वेण्या, अंगठ्याने बोटांची टोकं चोळत. “म्हणजे ठिपके नव्हतेच?”

“नव्हते.”

“एकसुद्धा नव्हता?”

“नव्हता बाळा. ओळच नव्हती. तुझं बोट बरोबर होतं.”

मला वाटलं ती रडेल. ती चिडली. “मग मी शोधत काय होते चाळीस मिनिटं?” असं ओरडलीच माझ्यावर. बाई तिला गप्प करायला लागल्या. मी म्हटलं, ओरडू द्या. चांगली पाच मिनिटं ओरडली. मला तेवढं एक बरं वाटलं.

परत आले तेव्हा दुपार होती. मला वाटत होतं, आता संपलं. फेडलं सगळं. रेडिओ आमच्या टेबलाशी बसली होती, मी माझी खुर्ची ओढली. ती म्हणाली, “मी काकांना सांगितलंय, मला दुसरा डोळस द्या.”

माझं डोकं पुन्हा फिरलं. “अगं, सगळ्यांसमोर कबूल केलं ना मी? शाळेत जाऊन आले. आता आणखी काय करू, लोटांगण घालू? एक चूक झाली माझ्याकडून!”

“चुकीचं नाही गं ताई,” रेडिओ म्हणाली. आवाज नेहमीसारखाच, स्वच्छ. “टिका आधी केल्यास, ते होतं एखाद्या दिवशी माणसाकडून. ते मी धरून नाही बसणार. पण साहेबांनी सही मागितली तेव्हा प्रत तुझ्या खांद्याला होती आणि तू सापडत नाही म्हणालीस. माझ्या शेजारी उभी राहून. समोर डोळस माणूस असतं तर तशी म्हणाली असतीस का?”

मी काकांकडे पाहिलं. ते पलीकडच्या टेबलाशी होते, सगळं ऐकत. एरवी आमच्या भांडणात चार शब्द टाकल्याशिवाय राहायचे नाहीत. त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. मी वाट पाहिली. मग रेडिओने तिची पानं गोळा केली, टेबलाच्या कडेवरून हात सरकवत पलीकडे गेली आणि दुसऱ्या खुर्चीवर बसून वाचायला लागली.